हिरो कोण ते सोडा, लिहिलंय कोणी ते बघा

पहिली दोनेक वर्षं मी कोरियन ड्रामे पोस्टर बघून निवडायचे. पोस्टरवर बर्फ पडतोय, एक छत्री आहे, उंच मुलगा आणि त्याच्या खांद्याला लागणारी मुलगी आहे, बास, रात्री अकराला सुरू करायचा आणि पहाटे तीनला स्वतःलाच शिव्या घालत झोपायचं. त्यातले निम्मे ड्रामे मला आता आठवत पण नाहीत, आठवतात ते फक्त सुटे भाग. श्रीमंत घरातला खडूस मुलगा, त्याची त्याहून खडूस आई, तिने टेबलावरून सरकवलेलं पैशांचं पाकीट, तेराव्या-चौदाव्या एपिसोडला कुठूनतरी सुसाट येणारा पांढरा ट्रक, मग हॉस्पिटल, मग "तुम्ही कोण?" आणि मग दोन एपिसोड नुसती रडारड. मला वाटायला लागलं होतं की झालं आपलं, कोरियन ड्रामा म्हणजे एवढंच, आता पुरे.

मग एकदा 'माय मिस्टर' बघितला. संपल्यावर दोन दिवस दुसरं काही लावावंसं वाटेना. तिसऱ्या दिवशी मी पहिल्यांदाच शोधलं की हे लिहिलंय कोणी. पार्क हे-यंग नावाची बाई निघाली. मग तिचं दुसरं काय आहे ते बघितलं, ते पण तसंच आतून पोखरणारं निघालं, आणि त्या दिवसापासून मी हिरो बघून ड्रामा निवडणं बंद केलं ते आजतागायत.

यामागे कारण आहे, माझी नुसती लहर नाही. कोरियात काय आणि जपानमध्ये काय, टीव्ही ड्रामा हा बहुतेक वेळा एकाच माणसाने लिहिलेला असतो. अमेरिकन सीरिजसारखं खोलीत दहा जण बसून लिहिणं कमी. पहिल्या एपिसोडपासून सोळाव्यापर्यंत एकच हात, फार तर दोन. कोरियन लोक त्या माणसाला 'चाक्का' म्हणतात, म्हणजे लेखक, कादंबरी लिहिणाऱ्याला जो शब्द तोच. त्यामुळे आपण जसं एखाद्या कादंबरीकाराचं एक पुस्तक आवडलं की लायब्ररीत जाऊन त्याची बाकीची शोधतो ना, तसंच इथे चालतं. आणि गंमत म्हणजे ही युक्ती नव्वद टक्के वेळा लागू पडते, उरलेल्या दहा टक्क्यांचं शेवटी सांगते.

माझी मावसबहीण महिन्यातून एकदा मेसेज करते, "ताई लिस्ट दे ना". लिस्ट दिली की ती त्यातला सगळ्यात गोड पोस्टरवाला उचलते आणि मग मलाच म्हणते बोअर होता. म्हणून या वेळी लिस्ट नाही, हे घे.

तर आधी पार्क हे-यंग. 'माय मिस्टर' २०१८ चा, टीव्हीएन चॅनलवरचा, सोळा एपिसोड. ली सन-ग्युन हा पंचेचाळिशीतला स्ट्रक्चरल इंजिनियर, नोकरी आहे, बायको आहे, मुलगा आहे आणि तरी माणूस आतून विझलेला. आणि त्याच ऑफिसात टेम्पररी लागलेली एकवीस वर्षांची जि-आन, म्हणजे आययू ही गायिका-नटी. डोक्यावर कर्ज, घरी बहिरी म्हातारी आजी, संध्याकाळी दुसरीकडे भांडी घासायची, ऑफिसमधली इन्स्टंट कॉफीची पाकिटं खिशात घालून आणायची आणि रात्री एका कपात दोन-दोन पाकिटं टाकून तेच प्यायचं. गोष्ट सुरू होते पाच कोटी वॉनच्या गिफ्ट व्हाउचर्सपासून, जी लाच म्हणून भलत्याच माणसाच्या टेबलावर येतात. नंतर ती मुलगी पैशासाठी त्याच्या फोनमध्ये ऐकायची सोय करून ठेवते. आता इथून पुढे हा थ्रिलर झाला असता. पण ती ऐकते काय, तर त्याची पावलं, त्याचे उसासे, भावांबरोबर दारू पिताना मारलेल्या फालतू गप्पा, आणि हे ऐकत ऐकत तिला पहिल्यांदा समजतं की चांगला माणूस एकटा असताना पण चांगलाच असतो. तो तिला एकदा आपल्या कामाबद्दल सांगतो, की बिल्डिंगवर बाहेरून वारा, वजन, हादरे असा सगळा जोर येत असतो आणि तो पेलणारं बळ आत असावं लागतं, आणि माणसाचं पण तसंच आहे. इतर कुठल्या ड्रामात हे पोस्टरवर छापायचं वाक्य झालं असतं, इथे तो ते एका थकलेल्या इंजिनियरसारखं सांगतो.

एक सूचना देऊन ठेवते, पहिले दोन-तीन एपिसोड अंधारे आहेत आणि एका ठिकाणी मारहाण आहे जी बघवत नाही, कोरियात पण त्यावर बरीच ओरड झाली होती. आणि नाही, ही लव्हस्टोरी नाहीये, वयातलं अंतर बघून बरेच जण आधीच नाक मुरडतात पण लेखिकेला ते पक्कं ठाऊक आहे आणि ती त्या वाटेने जात नाही. ली सन-ग्युन डिसेंबर २०२३ मध्ये गेला. त्यानंतर मी हा परत लावला होता, चौथ्या एपिसोडनंतर बंद केला.

हिचाच 'माय लिबरेशन नोट्स', २०२२. सोलच्या बाहेर ग्योंगीमध्ये राहणारी तीन भावंडं, रोज तासन्‌तास प्रवास करून ऑफिसला जातात आणि घरी येतात, ऑफिसची पार्टी अर्धी सोडून शेवटची गाडी पकडतात. त्यातला भाऊ म्हणतो की सोल म्हणजे अंड्यातला पिवळा बलक आणि ग्योंगी म्हणजे त्याच्या भोवतीचं पांढरं. एवढ्या एका वाक्यात त्या माणसाचं अख्खं आयुष्य आलं की नाही? यातली धाकटी बहीण शेजारच्या दारुड्या माणसाला येऊन सरळ सांगते की माझ्यावर प्रेम नको करूस, प्रेम पुरत नाही, माझी आराधना कर. कोरियनमध्ये तिने वापरलेला 'चुआंग' हा शब्द रोजच्या बोलण्यातला नाहीच, तिकडच्या लोकांनाही तो कानाला अडखळला होता. पहिले चार एपिसोड यात काहीही घडत नाही, हे आधीच सांगते, नंतर मला बोलू नका.

ली वू-जंग या लेखिकेचं प्रकरण वेगळंय. ती आणि दिग्दर्शक शिन वन-हो, दोघंही मूळचे व्हरायटी शोमधले, म्हणजे हसवण्याचे, खेळांचे, गप्पांचे कार्यक्रम करणारे. त्यामुळे 'रिप्लाय १९८८' बघताना संवाद लिहिलेत असं वाटतच नाही, भिंतीपलीकडचं ऐकू येतंय असं वाटतं. वीस एपिसोड, एकेक दीड तासाचा, २०१५ च्या शेवटी सुरू होऊन २०१६ च्या जानेवारीत संपला. सोलमधली सांगमुन-दोंग नावाची वस्ती, एक गल्ली, पाच घरं, पाच पोरं आणि ऑलिम्पिकचं वर्ष. पहिल्याच एपिसोडला संध्याकाळी प्रत्येक घरातलं पोरगं वाडगं घेऊन शेजारी जातं, तिथून दुसरं वाडगं घेऊन परत येतं, पुन्हा जातं, आणि शेवटी प्रत्येक घरात सगळ्यांच्या घरचं जेवण. डक-सन ही मधली मुलगी, मोठीच्या आणि धाकट्याच्या मधे दबलेली. ऑलिम्पिकच्या संचलनात मादागास्करची पाटी धरायला सहा महिने प्रॅक्टिस करते आणि मादागास्कर ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकतो, जे खरंच झालं होतं. घरी तिचा वाढदिवस दर वर्षी बहिणीच्या वाढदिवसाच्या केकवरच उरकून टाकतात, त्याच मेणबत्त्या परत पेटवून, आणि एके वर्षी ती फुटते. रात्री बाप एक छोटा केक घेऊन येतो आणि म्हणतो की बाबाला माफ कर, बाबा काही जन्मापासून बाबा नव्हता, बाबा होण्याची त्याची पण पहिलीच वेळ आहे. माझी आई, जिला सबटायटल वाचायचा कंटाळा येतो, ती या सीनला उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

यात मोठेपणी डक-सनचा नवरा कोण होतो याचं एक कोडं वीस एपिसोडभर चालवलंय. मला विचाराल तर तेच या ड्रामातलं सगळ्यात फालतू अंग आहे. लोक अजून त्यावर भांडतात, भांडू दे.

बरं, आता स्वतःचंच म्हणणं जरा खोडते. 'माय मिस्टर'चा दिग्दर्शक किम वन-सक. त्याच्या नावावर अजून काय आहे बघायला गेलं तर 'मिसेंग', 'सिग्नल' आणि २०२५ चा 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स'. चार वेगवेगळ्या लेखकांची चार कामं आणि चारही उत्तम, तेव्हा लेखकच सगळं असतो हे काही खरं नाही. असो.

'मिसेंग' २०१४ चा, यून ते-होच्या वेबटूनवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या चित्रकथेवरून केलेला. बदुकमध्ये, म्हणजे जपानी लोक ज्याला गो म्हणतात त्या सोंगट्यांच्या खेळात, व्यावसायिक खेळाडू होऊ न शकलेला एक मुलगा वशिल्याने एका ट्रेडिंग कंपनीत चिकटतो. कॉलेज नाही, इंग्रजी नाही, झेरॉक्स मशीन येत नाही. मिसेंग हा त्या खेळातलाच शब्द आहे, पटावरचा जो गट अजून मेला नाही पण जगेल याची खात्रीही नाही, तो. ऑफिसवर इतका खरा ड्रामा मी दुसरा पाहिलेला नाही, प्रेमप्रकरण जवळपास शून्य आणि तरी श्वास रोखून बघितला. यात एक जागा आहे. त्याचा बॉस ओ, जो त्याला पहिल्या दिवसापासून हिडीसफिडीस करत असतो, तो दारूच्या नशेत दुसऱ्या डिपार्टमेंटच्या माणसाशी भांडताना बोलून जातो की तुमच्या पोरामुळे आमच्या पोराला बोलणी खावी लागली. आणि हा मुलगा तेवढाच शब्द धरून बसतो, 'उरी ए', आमचं पोरगं. इंग्रजी सबटायटलमध्ये ते अगदी कोरडं होऊन येतं, पण मराठीत तो शब्द जसाच्या तसा बसतो बघा, कारण 'माझं' आणि 'आमचं' यातला फरक आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. कोरियन ड्रामा बघताना मराठी माणसाचा हा एक छुपा फायदा आहे. दोन पात्रं 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आली हे क्रियापदाच्या शेपटावरून हळूहळू ऐकू यायला लागतं, आणि एकदा ऐकू यायला लागलं की अर्धी लव्हस्टोरी सबटायटलच्या बाहेर घडतेय हे लक्षात येतं.

'सिग्नल' २०१६. लेखिका किम उन-ही. जुना वॉकीटॉकी रात्री ११ वाजून २३ मिनिटांनी चालू होतो आणि आजचा पोलिस आणि भूतकाळातला पोलिस एकमेकांशी बोलतात. भूतकाळात काही बदललं की आजचं बदलतं, आणि दर वेळी चांगलंच बदलतं असं नाही. त्यातल्या एका प्रकरणाला ह्वासंगच्या खऱ्या खुनांचा आधार आहे, १९८६ ते १९९१ मधले दहा खून, तोवर खुनी सापडलेला नव्हता आणि मुदतीचा कायदा असल्यामुळे २००६ नंतर सापडला तरी खटला चालवता येणार नाही. ड्रामा येऊन गेल्यावर तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, डीएनएवरून तो माणूस खरंच सापडला, मेव्हणीच्या खुनासाठी आधीपासून जन्मठेप भोगत होता. त्यानंतर 'सिग्नल' परत बघताना अंगावर काटा येतो. किम उन-हीचंच पुढचं काम म्हणजे 'किंगडम', जुन्या कोरियातल्या जोसन राजवटीतले राजवाडे आणि झॉम्बी, भूक आणि सत्ता याबद्दलचं. फक्त एक घोळ टाळा, २००२ च्या 'विंटर सोनाटा'च्या दोन लेखिकांपैकी एकीचं नाव पण किम उन-हीच आहे आणि ती ही नव्हे. मी बरेच दिवस लोकांना मोठ्या उत्साहात सांगत होते की बघा रडक्या लव्हस्टोरीवरून झॉम्बीपर्यंत काय प्रवास आहे हिचा. कोणीतरी सुधारलं तेव्हा फार शरमले.

'विंटर सोनाटा' आता बघवणार नाही, खरं सांगते. पण तो जपानमध्ये एनएचके या तिथल्या सार्वजनिक वाहिनीने २००३ ला दाखवला आणि मध्यमवयीन जपानी बायका त्यातल्या हिरोवर, बे योंग-जूनवर अशा फिदा झाल्या की त्याला 'योन-सामा' म्हणायला लागल्या, सामा म्हणजे आपल्याकडच्या 'साहेब'च्याही वरचं. तो २००४ ला टोकियोला आला तेव्हा विमानतळावर हजारो जणी उभ्या होत्या. आणि उलट बाजूने बघा, कोरियात जपानी गाणी-सिनेमांवर युद्धानंतर कित्येक दशकं बंदी होती, ती १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उठली आणि जपानी ड्रामे केबलवर यायला २००४ उजाडलं. म्हणजे एकाच सुमाराला दोन शेजाऱ्यांनी एकमेकांच्या खिडकीतून उघडपणे बघायला सुरुवात केली.

इथूनच मी जपानकडे वळते, आणि वळायला वाट पण सोपी आहे, पाण्याखालून.

'टँजरीन्स' जेजू बेटावरचा. लेखिका इम सांग-चुन, हे टोपणनाव, बाई लोकांसमोर जवळपास येतच नाही. मूळ नाव जेजूच्या बोलीत आहे, 'फोकसाक सोगाससुदा', फार कष्ट काढलेत हो तुम्ही, अशा अर्थाचं. मार्च २०२५ मध्ये दर शुक्रवारी चार-चार करत सोळा एपिसोड आले, वसंत ते हिवाळा. ए-सनची आई हेन्यो, म्हणजे ऑक्सिजनच्या टाकीशिवाय समुद्रात बुडी मारून शंखशिंपले काढणारी बाई, आणि ती एकोणतिसाव्या वर्षी जाते. यम हे-रान या नटीने ही आई अशी केलीय की ती पुढे गोष्टीत नसतानाही प्रत्येक एपिसोडमध्ये असतेच. मुलीने समुद्रात उतरू नये एवढाच तिचा हट्ट. हा ड्रामा रडवतो, आणि रडवायचंच असं ठरवून रडवतो, कधीकधी जरा जास्तच, सात-आठव्या एपिसोडला मी चिडून म्हटलं पण की आता पुरे बाई.

आणि आता समुद्राच्या पलीकडे, उत्तर जपानच्या इवाते किनाऱ्यावर, तशाच बुड्या मारणाऱ्या बायका, त्यांना तिकडे 'आमा' म्हणतात. २०१३ चा 'आमाचान'. लेखक कुदो कानकुरो. टोकियोत बुजरी असलेली शाळकरी मुलगी आईच्या गावी येते, आजीला समुद्रात बुडी मारताना बघते आणि म्हणते मला पण हेच करायचंय. १५६ एपिसोड, पण घाबरू नका, एकेक पंधरा मिनिटांचा. एनएचके १९६१ पासून सकाळी असा एक ड्रामा दाखवते, लोक आवरता आवरता बघतात. 'आमाचान' विनोदी आहे, वात्रट आहे, गावातली माणसं आश्चर्य वाटलं की 'जेजे' म्हणतात, जास्त वाटलं की 'जेजेजे'. पण गोष्ट २००८ ला सुरू होते आणि जपानी प्रेक्षकाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं की कॅलेंडर ११ मार्च २०११ कडे, त्सुनामीच्या दिवसाकडे चाललंय. तो दिवस येतो तेव्हा कुदो काय करतो? त्सुनामी दाखवतच नाही. गावाच्या टुरिझम ऑफिसमध्ये गावाचं एक छोटं मॉडेल असतं, छोटी रेल्वे, छोटी घरं, निळ्या रंगाचा समुद्र, जे आपण शंभर एपिसोड गंमत म्हणून बघत आलेलो असतो. ते मॉडेल मोडलेलं दिसतं, समुद्राच्या जागी फुटलेल्या काचा. बास, एवढंच. खरे व्हिडिओ सगळ्यांनी दोन वर्षांपूर्वी पाहिलेले होते, परत दाखवायची गरज नव्हती.

कोरियन लेखक दुःखाच्या सीनला खुर्ची ओढून बसतो, तुमच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत उठत नाही. जपानी लेखक दारातून बघतो आणि दार लोटून घेतो. मला दोन्ही लागतात, दिवस कसा गेलाय त्यावर आहे.

अर्थात यात वेळेचा पण भाग आहे. कोरियन ड्रामा आठवड्याला दोन एपिसोड, तास-सव्वातासाचे, एकूण सोळा किंवा वीस. जपानी आठवड्याला एक, पाऊण तासाचा, आणि तीन महिन्यांचा सीझन संपला की दहा-अकरा एपिसोडात गाशा गुंडाळायचा. जपान्याला पसरायला जागाच नाही. कोरियन ड्रामाचं तेरावं-चौदावं एपिसोड का ढेपाळायचं याचंही कारण तेच, पूर्वी प्रसारण आणि शूटिंग बरोबरच चालायचं, लेखकाकडून त्या दिवसाचे संवाद तुकड्या-तुकड्याने सेटवर यायचे, त्याला 'च्चोकदेबोन' असा खास शब्दच आहे. त्या अवस्थेत माणूस ट्रक आणि स्मृतिभ्रंशाकडेच धावणार की. २०१८ पासून आठवड्याला ५२ तासांच्या कामाचा कायदा लागू व्हायला लागला आणि सगळं आधी शूट करून ठेवायची पद्धत वाढली, तेव्हापासून जरा बरं आहे.

'ओशिन' पण त्याच सकाळच्या पंधरा मिनिटांच्या परंपरेतला, १९८३-८४, २९७ एपिसोड, सरासरी रेटिंग ५२.६ टक्के. लेखिका हाशिदा सुगाको. एका तांदळाच्या पोत्याच्या बदल्यात सात वर्षांच्या मुलीला कामाला पाठवतात, बर्फात नदीवरून तिचा तराफा निघतो आणि बाप काठावरून धावतो. सगळा बघणं माझ्याच्याने झालं नाही, पण लहानपणीचे एपिसोड तेवढे बघाच.

नोगी आकिको ही माझी सध्याची सगळ्यात लाडकी लेखिका. तिचा २०१६ चा 'निगेहाजी' सगळ्यांना गोड लव्हस्टोरी म्हणून माहितीय, शेवटच्या नाचामुळे गाजला, आणि त्यातली जोडी आरागाकी युई आणि होशिनो गेन यांनी २०२१ ला खरंच लग्न केलं. पण आत काय आहे, तर घरकाम हे काम आहे की नाही, आणि असेल तर त्याचा पगार किती, याचा चक्क हिशोब. कॉन्ट्रॅक्टवर लग्न करतात तोवर तिला पगार मिळतो, आणि प्रेमात पडल्यावर त्याला वाटतं आता पगार द्यायची काय गरज, वाचतीलच पैसे! तेव्हा ती जे सुनावते ते ऐकायला तरी बघा.

मग 'अननॅचरल', २०१८, दहा एपिसोड. अनैसर्गिक मृत्यू तपासणारी एक काल्पनिक लॅब. पहिल्याच एपिसोडला मर्स या विषाणूचा संसर्ग, आणि रोग कोणी आणला म्हणून एका मेलेल्या माणसाच्या नावाने सगळा देश बोटं मोडतोय. कोविडच्या दोन वर्षं आधी लिहिलंय हे. इशिहारा सातोमीने केलेली डॉक्टर लहानपणी स्वतः घरातल्या सामूहिक मृत्यूतून वाचलेली आहे, पण ती कुठेही खिन्न चेहरा करून फिरत नाही, भरपूर जेवते, निराश व्हायला वेळ असेल तर त्यापेक्षा चांगलंचुंगलं खाऊन झोपते असं तिचं धोरण. प्रत्येक एपिसोडची वेगळी केस आणि मागे एक मोठी, आणि दहाव्याला सगळं बंद होतं, एक धागा लोंबत नाही. हिचाच 'एमआययू ४०४' पोलिसांच्या फिरत्या पथकावरचा, त्यातला पाचवा एपिसोड परदेशातून आलेल्या कामगार पोरांवर आहे, जपान स्वतःबद्दल इतकं स्पष्ट क्वचित बोलतं.

आणि साकामोतो युजी. यालाच शेवटी ठेवायचं होतं. तरुणपणी, १९९१ ला, 'टोकियो लव्ह स्टोरी' लिहून गाजला, आणि २०२३ ला कान महोत्सवात पटकथेचं बक्षीस मिळालं. मधल्या तीस वर्षांत हा माणूस लिहितोय काय, तर माणसं मुद्द्याचं सोडून भलतंच बोलतायत. 'क्वार्टेट', २०१७, दहा एपिसोड. चार वादक, हिवाळ्यातलं कारुइझावा हे थंड हवेचं गाव, एक बंगला, प्रत्येकाचं काहीतरी लपवलेलं. पहिल्या एपिसोडला जेवायला तळलेलं चिकन येतं आणि सगळ्यांना न विचारता त्यावर लिंबू पिळलं जातं. त्यावर जी चर्चा होते ती इतकी क्षुल्लक आणि इतकी लांब आहे की मी हसून हसून बेजार, आणि नंतर कळतं की तिथे एक अख्खं लग्न कसं मोडलं ते सांगून झालेलं होतं. तिसऱ्या एपिसोडला एकीचा बाप हॉस्पिटलात मरतोय आणि तिला जायचं नाहीये, कारणं आहेत. दुसरी तिला शोधत येते, दोघी एका साध्या हॉटेलात कात्सुदोन, म्हणजे भातावर तळलेलं डुकराचं मांस, मागवतात. आपल्याला वाटतं आता ही तिला समजावणार की बाबा रे शेवटी बाप आहे. ती सांगते, नको जाऊस. आणि म्हणते की रडत रडत जेवलेली माणसं तगून जातात. मी हा सीन पाच-सहा वेळा बघितलाय.

राहिलेले दहा टक्के, जिथे माझा नियम चालत नाही. 'हानझावा नाओकी' मी लेखक बघून नाही, साकाई मासातोचा चेहरा बघूनच बघितला. बँकेतला माणूस, वरिष्ठांनी फसवलं तर दुप्पट परत करणार, एवढीच गोष्ट, पण बँकेचं ऑडिट असं दाखवलंय की जणू तलवारबाजी चाललीय. २०१३ ला शेवटचा एपिसोड टोकियो भागात ४२.२ टक्के घरांत बघितला गेला, आणि त्या वर्षी जपानमध्ये गाजलेल्या शब्दांच्या बक्षिसात 'दुप्पट परतफेड' आणि 'जेजेजे' दोन्ही होते. आणि 'कोदोकु नो गुरुमे', २०१२ पासून चाललाय, एक कोट घातलेला माणूस काम संपवतो, भूक लागते, हॉटेल शोधतो, एकटा जेवतो, मनातल्या मनात बोलतो. संपलं. यात लेखक काय बघणार.

जपानी ड्रामे मिळायला त्रास होतो हे मान्य. कोरियन सगळे दोन-तीन अॅपवर पडलेले असतात, जपानी आज आहे तर पुढच्या महिन्यात गायब, त्यामुळे दिसला की बघून घ्यायचा.

यावरून आठवलं. बहिणीला मी साकामोतोचा 'मदर' सांगितला होता, २०१० चा, अकरा एपिसोड, एक शिक्षिका घरी छळ होणाऱ्या आपल्या विद्यार्थिनीला सरळ पळवून नेते आणि तिची आई होते. तिला तो सापडला नाही, २०१८ चा कोरियन रिमेक सापडला, तिने तोच सोळाच्या सोळा बघितला आणि आता म्हणते मूळ बघायची काही गरज नाही, याहून भारी असूच शकत नाही. मी म्हटलं अगं कोरियनमध्ये पाच एपिसोड जास्त आहेत ते सगळे रडण्याचे आहेत. ती म्हणाली, मग, तेच तर हवंय. टर्किश रिमेक पण आहे हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. काल रात्री 'क्वार्टेट'ची लिंक पाठवलीय, अजून निळी टिक आलेली नाही.